माझ्या बाजूचा ब्रेक

गेल्या वर्षी गुडघा दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि विचारलं, "डावा गुडघा ठणठणीत आहे. उजवाच एवढा कसा झिजला? काय काम करायचात?"

"शेजारी बसायचो," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण सव्वीस वर्षं मी तेच काम केलं. नारायणगावात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि दारात एक पांढरी गाडी. लोक मला मास्तर म्हणायचे, अजूनही म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुठेही निघालो, तर माझ्याकडे शिकलेला कुणी ना कुणी समोरून येतोच. हॉर्न देतो, हात करतो. हात करताना काही जण स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलतात. ते मात्र मी शिकवलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातल्या गमती लिहा" असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत आणि दोन-चार सांगेनही. पण लिहायला बसलो की पेन एकाच ठिकाणी जाऊन अडतं. ते ठिकाण पेठ गावाच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्यावर आहे.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. ते चालतात कसे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. शिकणाऱ्याच्या पायाशी जे ब्रेकचं पेडल असतं, त्याला एक लोखंडी सळई जोडतात. ती सळई गाडीच्या तळाशी आडवी डावीकडे येते आणि तिच्या टोकाला मास्तराचं पेडल असतं. मी माझं दाबलं की शिकणाऱ्याचंही खाली जातं. त्याचा पाय त्यावर नुसता टेकलेला असला, तरी त्याला पेडल खाली गेल्याचं जाणवतं. गाडी थांबते, आणि त्याला वाटतं, आपणच थांबवली.

सुरुवातीला मी माझा पाय आखडता ठेवायचो. शिकणाऱ्याला चुकू द्यायचं आणि अगदीच गळ्याशी आलं तर दाबायचं, असं मला शिकवणाऱ्याने बजावलं होतं. पण पहिल्याच वर्षी बँकेतल्या एका कारकुनाने गाडी सरळ रसवंतीच्या बाकड्यात घातली. बाकड्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. गाडीला काही झालं नाही, रसाचे चार ग्लास फुटले, एवढंच. पण तो कारकून पुन्हा कधी गाडीत बसला नाही, आणि मी चहाला गेलो की टपरीवरची मंडळी महिनाभर विचारायची, "मास्तर, आज रस का चहा?" तेव्हापासून माझा पाय शहाणा झाला. समोर काही दिसलं की शिकणाऱ्याच्या आधी मीच दाबायचो. हळूच दाबायचो, कळू न देता. आणि वर म्हणायचो, "वा, काय थांबवलीत!"

त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो. पहिल्या आठवड्यात गाडी कुणाच्या सायकलीला नुसती चाटून गेली, तरी माणूस महिनाभर रडत शिकतो. माझ्याकडे तसं कुणी रडलं नाही. पुढे मी बोर्डाच्या खाली पेंटरकडून एक ओळ लिहून घेतली : 'आजवर गाडीला एकही ओरखडा नाही.' त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

माझी लबाडी पकडणारा सव्वीस वर्षांत एकच भेटला. पश्चिमेकडच्या डोंगरातले एक निवृत्त गुरुजी होते. घरची भातखाचरं, आयुष्यभर पायी फिरलेला माणूस. मुलाने गाडी घेऊन दिली म्हणून शिकायला आले. रोज वही घेऊन यायचे आणि काय काय शिकलो ते उतरवून घ्यायचे. नवव्या का दहाव्या दिवशी गाडी एका म्हशीपुढे थांबली. मी नेहमीप्रमाणे "वा गुरुजी" म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, आता ब्रेक तुम्ही दाबला की मी?"

"दोघांनी," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते समोर काही दिसलं की आधी माझ्या पायाकडे बघायचे, मग रस्त्याकडे. मला राग यायचा. आज वाटतं, तेवढा एकच विद्यार्थी माझ्याकडून खरं शिकून गेला.

दुसरं टोक म्हणजे ओतूरकडचा एक टोमॅटोवाला. चार वर्षं बिनलायसन्सची पिकअप दामटत होता. कुणीतरी घाबरवलं म्हणून लायसन्सपुरता माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी त्यानेच मला शिकवलं. "मास्तर, लई सोपं असतं. हॉर्न वाजवायचा आन् जायचं. समोरचा थांबतोच."

"आणि नाही थांबला तर?"

"थांबतो ओ. त्याला काय जीव नको झालाय का?"

मी हसलो. टपरीवर हा किस्सा मी बरेच दिवस चढवून सांगितला. थांबायचं काम दुसऱ्याचं, असं मीही शिकवतोय, फक्त हॉर्नऐवजी पायाने, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आरटीओकडून परीक्षा घ्यायला येणाऱ्या एका साहेबांच्या मात्र ते लक्षात आलं असावं. इंग्रजी आठ काढून झाल्यावर ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमचे उमेदवार स्टेअरिंगला छान आहेत. ब्रेकला सगळेच जरा उशीर करतात. का हो?" मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला बघून घाबरतात." साहेब हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

रमाताई सोनवणे माझ्याकडे आल्या तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या. राहायला पिंपळवंडीत, आरोग्य उपकेंद्रात नर्स. नवरा चाकणला कंपनीत, रविवारी यायचा. लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन त्या सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसायच्या, नाहीतर एसटीत उभ्या राहायच्या. वाडीवर पोचेपर्यंत बाया पोरं घेऊन कंटाळून घरी गेलेल्या असायच्या. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मला जोरात चालवायची न्हाई. मला वेळेवर पोचायचंय."

अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं. सांगितलेलं एकदाच सांगावं लागायचं. क्लच सोडायच्या तो असा, की मांडीवर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता. बाजारपेठेतून गाडी काढायच्या तेव्हा टपरीवरचे टपून बघायचे, बाई कुठे अडकते का. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून त्यांच्या वेळी माझा पाय आणखीच तयारीत असायचा. बाजूने बकरी आली, दाबला. रिक्षा वळली, दाबला. ताई एकदाही अडकल्या नाहीत. महिना संपला तेव्हा मी टपरीवर छाती काढून सांगितलं, "बघा रे. तीस दिवसांत साधा झाडाचा पाला लागला नाही गाडीला."

परीक्षेत त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. जुनी पण चांगली एक लाल गाडी घेतली. मागच्या सीटवर लसीचा डबा बेल्टने बांधून वाड्यावस्त्यांवर वेळेवर पोचायला लागल्या. तिकडच्या रस्त्यांवर समोरून कोण येणार? एखादं ढोर, एखादी मोटारसायकल, आणि तेही लांबूनच बाजूला होणारं.

चार महिन्यांनी एका रविवारी भर दुपारी त्यांचा फोन आला. "मास्तर, पेठच्या अलीकडं या. लगेच या." बाकी काही बोलल्या नाहीत.

त्या माहेरी निघाल्या होत्या. स्वतःच्या गाडीने, एकट्याने, पहिल्यांदाच. वेग चाळीसच्या वर नव्हता. तिथे रस्त्याला मधे दुभाजक आहे. बेल्ह्याचे बबनराव म्हणून बैलांचे एक व्यापारी पेठला बैल बघायला आले होते. हॉटेलात चहा घेतला आणि गावाच्या वळणापर्यंत जायला मोटारसायकल उलट्या बाजूनेच काढली. सरळ बाजूने गेलं असतं तर पुढच्या फटीतून वळून यावं लागलं असतं. आपल्याकडे सगळेच असं करतात. दूधवाले करतात, शाळेचे शिक्षक करतात, मीही मोटारसायकलवर कैक वेळा केलंय. बबनराव कडेकडेने समोरून येत राहिले, ताई आपल्या लेनमधून जात राहिल्या. दोघांनी एकमेकांना लांबून पाहिलं होतं. शेवटच्या क्षणी बबनरावांनी मोटारसायकल कडेवरून ताईंच्या लेनमध्ये घातली आणि धडक झाली.

मी पोचलो तेव्हा बबनरावांना ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं. ताई दुभाजकावर बसलेल्या होत्या. अंगावर ओढणी नव्हती. ती ओढणी त्यांनी बबनरावांच्या फुटलेल्या पायावर गुडघ्याखाली आवळून बांधली होती आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. भोवतीची माणसं मोबाईलवर फोटो काढत होती. ताई रडत नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, पाय ब्रेकवरच व्हता माझा. पेडल खाली गेलंच न्हाई."

लोकांना वाटलं, ब्रेक फेल झाले. गाडी तपासली. ब्रेक उत्तम होते. मग लोकांना वाटलं, बाई घाबरली. तेच पक्कं झालं.

मला मात्र तिथेच, भर उन्हात, सगळं कळलं. ताईंचा पाय ब्रेकवर होता हे खरं होतं. पेडल खाली गेलं नाही हेही खरं होतं. तीस दिवस ते आपोआप जात होतं. त्या वाट बघत होत्या.

मी काय बोललो? मी म्हणालो, "ताई, तुमची काही चूक नाही. तो उलटा आला." हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि मी ते खोट्यासारखं वापरलं. पुढे पोलिसांतही तेच निष्पन्न झालं : चूक उलट्या बाजूने येणाऱ्याची. बबनराव वाचले, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रमाताईंनी लाल गाडी विकून टाकली. पुन्हा निळा डबा मांडीवर आला. फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या दिसायच्या तेव्हा मी मान दुसरीकडे वळवायचो, किंवा रस्त्याकडे फार लक्ष आहे असं दाखवायचो.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की शाळांमधून मला भाषणाला बोलवायचे. मला बोलता बरं येतं. मुलांना गोष्ट लागते, म्हणून मी पेठची गोष्ट सांगायला लागलो. 'एका माणसाने तीनशे मीटरचा वळसा वाचवायला आपला पाय घालवला.' नाव घ्यायचो नाही, पण गाव सांगायचो. मुलं गप्प व्हायची, शिक्षक माना डोलवायचे, शेवटी गुलाबाचं फूल मिळायचं. दरवर्षी ती गोष्ट जास्त रंगत गेली. तिच्यात ब्रेकचा उल्लेख कधीच नव्हता.

अशी सहा वर्षं गेली. गुडघ्याने दगा दिला तेव्हा स्कूल बंद केलं आणि गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक घरगुती होतं, त्याला डावीकडचा ब्रेक नको होता. पोपट मिस्त्रीकडे गाडी नेली. तो गाडीखाली शिरला, सळई कापली, पेडल काढलं, शिकणाऱ्याच्या पेडलाला नवं रबर घालायचं म्हणून जुनं उचकटलं आणि दोन्ही पेडलांची रबरं हातात घेतली. मग मला हाक मारली.

"मास्तर, ही गंमत बघा की. तुमच्या बाजूचं रबर पार झिजून पत्रा लागलाय. आन् हे शिकणाऱ्याचं. ह्याच्या रेघासुदिक गेल्या न्हाईत." तो हसत होता. "तुमची पोरं ब्रेक मारीतच नव्हती का काय?"

मी दोन्ही रबरं कागदात गुंडाळून घरी आणली. तीन दिवस ती टीव्हीशेजारी होती. बायकोने दोनदा विचारलं, हे काय आणलंय. चौथ्या दिवशी ती पिशवीत टाकली आणि पिंपळवंडीला गेलो.

रमाताई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. खोलीत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं, खाली तो निळा डबा. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकते म्हणाल्या. मी म्हणालो, "आधी बसा." आणि दोन्ही रबरं टीपॉयवर ठेवली. सळई, पेडल, माझा पाय, 'वा ताई' म्हणणं, सगळं एका दमात सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी रबरं उचलली, एकेकावरून अंगठा फिरवला. जखम बघावी तसं बघत होत्या.

"म्हंजे मी घाबरले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हतात."

"मी वाट बघत व्हते."

"हो."

"तुमच्या पायाची."

त्यांनी रबरं टीपॉयवर परत ठेवली.

"सहा वर्षं, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "पोरीला गाडी शिकायची व्हती. मी शिकू दिली न्हाई. म्हणलं, आपल्या अंगात धीर न्हाई बाई, ऐनवेळी हातपाय गळत्यात आपले. ती म्हणायची, आई, त्या माणसाचा पाय तूच बांधलास की, मग धीर न्हाई कसा? मी तिला गप्प केलं. सहा वर्षं मी तिला हेच सांगितलंय."

मी हात जोडले. त्यांनी हातांकडे पाहिलंही नाही.

"मला सांगितलंत, ते झालं," त्या म्हणाल्या. "बेल्ह्याला सांगितलं का?"

चहा झाला नाही. मी उठलो.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी गेलो. बैलांच्या दावणीच्या टोकाला, एका टेम्पोच्या सावलीत बबनराव खुर्ची टाकून बसले होते. आता स्वतः फिरता येत नाही, म्हणून लोक जनावर त्यांच्यासमोर चालवून दाखवतात. माझी ओळख सांगितली तेव्हा ते म्हणाले, "वळखतो की. तुमी भाषण करता."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"नात सांगत आली व्हती," ते म्हणाले. "आजोबा, आज शाळेत तुमची गोष्ट सांगितली. तिला वाटलं, आजोबाचं नाव झालं."

मी तिथेच, बैलांच्या गर्दीत, त्यांनाही सगळं सांगितलं. दोन्ही रबरं दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाहीत. एक बैल त्यांच्यासमोरून चालवत नेला, तो त्यांनी शेपटीपर्यंत बघून घेतला आणि मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, मी उलटा आलतो. त्यात काय बदल न्हाई. मी तिला लांबून बघितलं. म्हणलं, बाई हाय, हळू चालली हाय, थांबंल. रोज कोण ना कोण थांबतंच व्हतं की." त्यांनी उरलेल्या पायावर हात फिरवला. "ती तुमच्या भरवशावर, मी तिच्या भरवशावर. ब्रेक कुणीच मारला न्हाई."

"मी भाषणात..." मी बोलायला लागलो.

"गोष्ट खरीच हाय तुमची," ते म्हणाले. "पण अर्धीच सांगत व्हता. आता सांगायची आसंल तर सगळी सांगा, न्हाईतर सांगू नका." मग म्हणाले, "त्या बाईला सांगा, तिनं बांधला म्हणून मी बसलोय हितं. तिच्या घरी जायाचं मनात लई हाय, पण तिला माझा पाय बघून तरास व्हईल म्हणून जात न्हाई."

मी निघालो तेव्हा त्यांचा पुतण्या त्यांना घरी न्यायला मोटारसायकल घेऊन आला. बबनरावांना मागे बसवलं, कुबडी आडवी धरली आणि गाडी बाजाराच्या गर्दीतून सरळ उलट्या बाजूनेच रस्त्याला लावली. बबनरावांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. तो हसला, आणि तसाच गेला.

हे सगळं मी रमाताईंना जाऊन सांगितलं. पुतण्याचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गाडी गेली का तुमची?"

"पुढच्या आठवड्यात नेणार आहेत."

"तो ब्रेक काढलाय ना?"

"काढलाय."

"उद्या सकाळी आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्यूटीच्या कपड्यांत, डबा घेऊनच आल्या. डबा मागच्या सीटवर बांधला. मी माझ्या जागेवर बसलो. सव्वीस वर्षं ज्या जागेवर बसलो, तिथे पायाशी आता नुसतं मॅट होतं. आधी शाळेच्या मैदानावर गेलो. त्या गाडी वेगात आणायच्या आणि दाबायच्या. पहिल्यांदा मी पुढे फेकला जाऊन सीटबेल्टमध्ये अडकलो. असं पाच-सहा वेळा झालं. इतका जोरात ब्रेक माझ्या गाडीत कुणी शिकणाऱ्याने आजवर दाबलेला नव्हता. मी "वा" म्हणालो नाही. मला ते म्हणायची भीती वाटत होती.

मग गाडी रस्त्याला लागली. फाट्याजवळ आलो आणि समोरून, आमच्याच बाजूने, दोन्हीकडे दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल येताना दिसली. दूधवाला निवांत होता. एका हाताने मोबाईल कानाशी धरलेला. मी त्याच्याकडे बघितलं, मग ताईंच्या हातांकडे. गाडी चाललेलीच होती. माझा पाय खाली गेला आणि मॅटवर आपटला. तिथे काहीच नव्हतं. गुडघ्यातून कळ गेली. गाडी अजून चाललेली होती, आणि त्या क्षणात मला पेठचा दुभाजक, बिनओढणीच्या ताई, सगळं पुन्हा दिसलं.

आणि गाडी थांबली. मोटारसायकलपासून चांगलं चार हात अंतर राखून, गचका न देता, जागच्या जागी. दूधवाल्याने आमच्याकडे न बघताच हात वर केला, बाजूने गाडी काढली आणि बोलत बोलत निघून गेला.

ताईंनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. सगळं शिकवल्याप्रमाणे.

"तुमचा पाय हालला," त्या म्हणाल्या.

"सवय," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, उद्या किती वाजता. मी तर मनात गिऱ्हाइकाला नकार कळवूनही टाकला होता. गाडी त्यांनाच द्यावी, असंही ठरवून टाकलं होतं.

"मला आता गाडी चालवायची न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "थांबवता येते का, एवढंच बघायचं व्हतं. पोरीला सांगायला."

मागचं दार उघडून त्यांनी निळा डबा काढून घेतला आणि फाट्यावर एसटीच्या थांब्याकडे चालत गेल्या. थोड्या वेळाने एसटी आली. चढताना त्यांनी डबा आधी आत ठेवला आणि मग दांडी धरली, ते मला दिसलं.

मी डाव्या सीटवरच बसून होतो. उजवा पाय अजून तसाच मॅटवर रेटलेला होता. तो उचलून पलीकडच्या सीटवर जायला मला बराच वेळ लागला.